घ चा ध

सातवीत होतो. अक्षर बरं म्हणून
बारकीबाय धवलारणीनं मला ओट्यावर बसवलं.
लिव पोरा, म्हणाली, मी मेलू तं धवला पन मरंल.
ती तांदूळ निवडत गायची,
मी दोनशे पानी वहीत उतरवायचो,
हळदीचा, मांडवाचा, वरमाईचा,
आणि मग ती ओळ:
उघारी सोर रं दादा, उघारी सोर,
पानी आयला दारी.

शाळेनं नुकतंच शिकवलं होतं
की घरी बोलतो ते अशुद्ध.
म्हणून मी सोर चं सोड केलं, पानी चं पाणी,
आणि घ ची शिरोरेषा मधेच तोडून
टोकाला एक गाठ मारली.

उघाडी मी पाहिलीच नव्हती.
खाजणावर भराव पडला माझ्या जन्माआधी,
बांधाला दार असतं, भरतीला लावतात,
ओहोटीला सोडतात, हे सांगणारे
सिडकोच्या ऑफिसबाहेर रांगेत होते.
उधारी मात्र ओळखीची होती.
जेठाभाईच्या दुकानात बाबांच्या नावाचं
एक अख्खं पान होतं.

वहीची झेरॉक्स झाली, झेरॉक्सची पुस्तिका,
मागच्या पानावर हात जोडलेले इच्छुक उमेदवार.
घणसोलीच्या एका लग्नात
पोरी पुस्तिकेतून म्हणत होत्या, उधारी सोड रे दादा,
तर नवरीचा मामा, जरा घेतलेला,
खरंच उठला आणि म्हणाला,
जा, सोडली. नवरदेवाच्या बापाकडचे अकरा हजार.

तेव्हापासून त्या ओळीला बेंजो थांबतो.
तळवलीत थांबतो, गोठिवलीत, रबाळ्याच्या हॉलमध्ये
एसीच्या घरघरीत सगळे एकमेकांकडे बघतात.
मनोहर भोईरनं रिक्षाचे अठरा हजार सोडले.
एका करवलीनं मैत्रिणीकडचा हेडफोन.
आणि परवा, मढव्यांच्या प्रांजलच्या लग्नात,
कमळीआत्या उभी राहिली,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून
नऊ वर्षं भावाशी न बोललेली.
म्हणाली, हिस्सा नाय सोरनार.
पन न बोलायची उधारी सोरली.
भाऊ खुर्चीतच बसून राहिला.
मग उठून तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला,
झाकण आधीच काढलेली.

कोणी विद्यापीठातली मुलगी रेकॉर्डर घेऊन आली होती.
ही प्रथा किती जुनी?
नारायणदादा तांडेल छाती काढून म्हणाले,
तीनशे वर्षं तरी. आमच्या पूर्वजांची.
मी बोटांवर मोजलं. सव्वीस.
ध चा मा केला तेव्हा एक जीव गेला म्हणतात.
माझ्या घ च्या ध नं
जेठाभाईच्या कितीतरी पानांवर काट मारली,
फक्त बाबांचं पान
बाबांनीच फेडलं, शेवटच्या रुपयापर्यंत,
त्यांच्या वेळी ही प्रथा नव्हती.

बारकीबायला आता दिसत नाही.
कबूल केलं तिच्या पायाशी बसून.
ती खोकत हसली.
मना ठाव हाय. तुज्या पुस्तकाचं
पैल्या लग्नातच आयकला.
मग बोलली का नाहीस?
कनाला बोलू? माजी सास जा बोलाची ता मी बोलते,
तिची सास काय बोलाची, कोनाला ठाव.
आणि थांबून, सूप हलवल्यासारखा हात हलवत,
पानी काय नि पैसं काय.
अरलेला सोरायचा.

संध्याकाळी सेक्टरच्या मागे गेलो.
खारफुटीत दोन दगडी खांब आहेत,
खाचा अजून दिसतात, फळी नाही.
भरती होती. वर कोणीतरी पूजेची फुलं टाकली होती,
प्लास्टिकच्या पिशवीसकट.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघतेय.
प्रूफ माझ्याकडेच आलं.
ऐरोलीहून डीटीपीवाल्याचा फोन,
सर, पान अकरा, काही चूक आहे का?
आहे, म्हणालो.
राहू दे.